कढईतली पानगळ

भिलाईत ऑक्टोबर महिन्यात झाडावरून पान पडत नाही. पडलंच तर माकडाने तोडलेलं असतं. आमच्या सेक्टर सहामध्ये पानगळ येते ती होळीच्या सुमाराला, आणि आली की तिच्याकडे कुणी कौतुकाने बघत नाही, झाडू घेऊन बघतं. दिवाळीच्या आधी तर करंज, जांभूळ, आंबा, सगळे पावसाचं पाणी पिऊन असे तरतरीत उभे असतात की वाळकं पान मागायलाही लाज वाटावी. हे सगळं मी माझ्या मुलीला फोनवर समजावून सांगितलं.

"आई, तू ना, हर चीज़ में लॉजिक नको लावू," ती म्हणाली. "पानगळ नाही गं, फॉल. फॉल म्हणजे मूड असते."

मुलगी पुण्यात राहते, चौदाव्या मजल्यावर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तिने आपल्या दाराला नारिंगी कापडी पानांची माळ लावली होती. पानं मॅपलची होती. मॅपलचं झाड तिने आयुष्यात पाहिलेलं नाही, पण तिचं त्यावाचून काही अडलेलं दिसलं नाही. तिने मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरी बाई आपलं चांगलं रंगवलेलं घर गावातल्या गोठ्यासारखं दिसावं म्हणून जिवापाड मेहनत करत होती. टेबलावर गोणपाट, पायरीवर भोपळे, बरणीत वाळकं गवत, दारावर पानांचं कडं. सगळं साधं, गावरान, घरच्या घरी. हे पाहून माझी आजी नक्की म्हणाली असती की बाईवर बिचारीवर काय वेळ आली.

तरी मी ठरवलं की आपणही करायचं. याचं कारण सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारपणी मला चळ लागला.

माझे यजमान इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये होते. पावसाळ्यात ते रिटायर झाले. रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर काही महिने ठेवता येतं, मग रिकामं करून किल्ली द्यावी लागते. आम्हाला डिसेंबरपर्यंतची मुदत होती, त्यानंतर नागपूरला जायचं. त्याआधीच्या तीसेक वर्षांत आम्ही चार क्वार्टर बदलली, कारण ग्रेड वाढली की क्वार्टर वाढतं. लोक नव्या घरात कलश घेऊन शिरतात. आमच्याकडे आधी पक्कड शिरायची. यजमान खोल्याखोल्यांतून फिरून आधीच्या कुटुंबाने मारलेला एकेक खिळा उपटायचे, भोकांत व्हाइट सिमेंट भरायचे, वरून हात फिरवून बघायचे, आणि मगच मला दूध उतू घालायची परवानगी मिळायची.

"भिंत कंपनीची आहे," हे त्यांचं वाक्य होतं. त्यामुळे आमच्या घरी भिंतीवर काहीही नसायचं. घड्याळ टीव्हीवर. कॅलेंडर फ्रिजवर. आमच्या लग्नाचा फोटो कपाटावर भिंतीला टेकून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखा उभा. मुलीला चित्रकलेत बक्षीस मिळालं तेव्हा ते चित्र फ्रेम करून आणलं आणि डाळीच्या डब्यांमध्ये उभं केलं, तिथेच ते तुरीच्या डाळीसोबत मोठं झालं. दर वेळी मी मनाशी म्हणायची, पुढच्या क्वार्टरमध्ये नीट लावू. चांगले पडदे मी पुढच्या क्वार्टरसाठी पेटीत जपून ठेवले, आणि दर वेळी पुढच्या क्वार्टरच्या खिडक्या वेगळ्याच मापाच्या निघाल्या.

आता पुढचं क्वार्टर नव्हतं. मला हे घर एकदा, किल्ली द्यायच्या आधी एकदाच, आमचं दिसलेलं बघायचं होतं. कुणाच्या तरी मालकीचं नाही, आमचं. एवढंच. दिवाळीच्या नावाने काढलं असतं तर यजमानांनी आकाशकंदील खिडकीच्या गजाला बांधून विषय मिटवला असता. म्हणून म्हटलं, फॉल तर फॉल.

सुरुवात गोणपाटापासून केली. तांदळाचं रिकामं पोतं उसवलं, धुतलं, कापून टेबलावर अंथरलं. जन्मभर पाहुणे आले की पोती पलंगाखाली सारली होती मी, आता त्यावर चहाचा ट्रे ठेवला. यजमानांनी कप उचलला, खाली बघितलं, परत ठेवला.

"आपण गोडाऊनमध्ये राहून राहिलो का?" त्यांनी विचारलं.

"याले रस्टिक म्हणतात," मी म्हटलं.

"रस्ट म्हणजे गंज. तो नसावा म्हणून मी आयुष्य घातलं."

दुसऱ्या दिवशी मी दोन कोहळे आणले आणि पायरीवर दोन्हीकडे ठेवले. व्हिडिओतल्या बाईच्या पायरीवर ते फार देखणे दिसत होते. आमच्या पायरीवर ते दिसले तेव्हा शेजारच्या मल्याळी बाई फाटकापाशीच थांबल्या आणि आवाज दाबून म्हणाल्या, "भाभीजी, किसी ने कुछ कर दिया है क्या आपके घर पे?" मी सांगितलं, सजावट आहे. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवसापासून त्या रस्त्याच्या पलीकडून चालायला लागल्या. करणीचा प्रश्न फार काळ टिकला नाही, कारण संध्याकाळी सेक्टरमधली गाय आली आणि तिने डावा कोहळा शिंगाने पायरीवरून लोटून, फोडून खाल्ला. उजव्याची मी भाजी केली. भाजी चांगली झाली.

मग वाळकं गवत. त्या दिवसांत अहिवारा गावाच्या रस्त्याला काशीचं गवत फुललेलं असतं, पांढरे शुभ्र तुरे, कमरेएवढे. यजमानांना स्कूटर काढायला लावली. त्यांनी काढली, पण हेल्मेट, हातमोजे आणि विळ्याच्या पात्याला गुंडाळायला कापड घेऊन. येताना मी मागे बसून एवढा मोठा भारा उभा धरला होता की चौकात एका माणसाने विचारलं, "झाड़ू कितने की दी, अम्मा?" यजमान पुढून म्हणाले, "बिकाऊ नहीं है." त्यांच्या आवाजात कुठेतरी विकायची तयारी होती.

काशीचे तुरे मी लोणच्याच्या बरणीत लावले. सुंदर दिसले. मग कुणीतरी पंखा लावला. सांगायला नको, पुढचे चार दिवस आमच्या घरात कापूस पिंजणारा बसल्यासारखी अवस्था होती. वरणात तुरा, चष्म्यावर तुरा, देवाच्या डोक्यावर तुरा. यजमान शिंकत शिंकत म्हणाले की प्लांटमध्ये धुळीचं प्रमाण याहून कमी होतं. मी बरणी अंगणात नेऊन ठेवली.

राहिली पानं. आणि इथे माझ्या यजमानांचा या कामात शिरकाव झाला.

रिटायर झाल्यापासून ते घरात पाहुण्यासारखे वावरत होते. सकाळी शिफ्टचा भोंगा वाजला की घड्याळाकडे बघायचे, भोंगा वेळेवर आला म्हणून त्याची हजेरी लावल्यासारखे. मग दिवसभर खुर्ची. बोलणं जेवणापुरतं. मधूनच स्वयंपाकघरात येऊन गॅसच्या ज्योतीचा रंग तपासायचे आणि परत खुर्चीत जायचे. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की मी चिडते, असा माझा स्वभाव आहे.

मी आंब्याची हिरवी पानं इस्त्रीखाली वाळवत होते. पानं पालकासारखी चकचकीत झाली आणि इस्त्रीला चिकटली. मागून आवाज आला.

"असं नाही होत. त्याले सोकिंग पाहिजे, हीट आतपर्यंत मुरली पाहिजे."

यजमान हीट ट्रीटमेंटमध्ये होते. म्हणजे लोखंडाचे भाग भट्टीत तापवायचे, रंग बघून ओळखायचं की आतून किती तापलं, मग बरोबर त्या क्षणी बाहेर काढून पाण्यात किंवा तेलात बुडवायचं. आपण विळ्याला पाणी देणं म्हणतो तेच, फक्त विळा ट्रकएवढा. हे काम त्यांनी जन्मभर केलं. मला त्यातलं एवढंच माहीत होतं की घरी आले की ते माझ्या कढीकडेही तसंच बघायचे.

त्यांनी माझी लोखंडी कढई मागितली. मग वाळू आणली, माझ्याच पिठाच्या चाळणीने चाळली, कढईत भरली आणि गॅसवर ठेवली. गरम वाळूत मुरमुरे फुलवतात तसं. "वाळूनं हीट सगळीकडून सारखी लागते," त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, चाळणीचीही वाट सगळीकडून सारखीच लागली. त्यांनी ऐकलं नाही. ते बाह्या वर करून उभे होते आणि पाठ ताठ झाली होती.

पहिली पानं काळी झाली. "ओव्हरहीट." दुसऱ्या वेळी कडा तपकिरी आणि मध्ये हिरवं राहिलं. "कोअरपर्यंत नाही गेली." त्यांनी गॅस कमी केला, सागाचं एक मोठं पान वाळूत दाबलं, आणि हात मागे बांधून कढईसमोर फेऱ्या मारायला लागले. मला बाजूला सरकायला सांगितलं, सेफ्टीसाठी. मग एकदम वाकले, सांडशीने पान अलगद उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. खरंच, काय रंग आला होता! सोनेरी, कडेला तांबूस, शिरा न शिरा दिसत होती.

"बघ," ते म्हणाले. "बघ. स्ट्रॉ म्हणजे तणसाचा पिवळा, तो आणि ब्राउनच्या मधला. हा कलर पकडता येत नाही सगळ्यायले."

आणि मग, मी "अहो" म्हणायच्या आत, ते गर्रकन वळले आणि ते पान त्यांनी पाण्याच्या बादलीत बुडवलं.

छस्स झालं. आम्ही दोघं बादलीकडे बघत राहिलो. सांडशीला एक ओलं, लिबलिबीत फडकं लटकत होतं.

"कावून बुडवलं?" मी विचारलं.

"हात गेला," ते म्हणाले.

मी हसायला लागले ते ओट्याला धरून खालीच बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सांडशी हातात धरून गंभीरपणे उभे राहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग तेही हसले. रिटायर झाल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. मला इतकं बरं वाटलं की चाळणी गेल्याचं दुःखही राहिलं नाही.

त्यानंतर बादली अंगणात ठेवली आणि काम सुरळीत झालं. साग, आंबा, पिंपळ, सगळी पानं ढिगाने भाजली. जगात कुठेही पानगळ अशी प्रत तपासून होत नसेल. मी ती सुतळीत ओवली, लांब माळ झाली, आणि मी ती घेऊन दिवाणखान्यातल्या भिंतीपाशी उभी राहिले.

"टेपनं लाव," ते म्हणाले.

टेपने लावली. आमच्या भिंतींना डिस्टेंपर असतं, वर्षानुवर्षं एकावर एक चढवलेलं. माळ रात्रभर राहिली आणि सकाळी टेपसकट, डिस्टेंपरच्या पापुद्र्यासकट खाली आली. भिंतीवर छत्तीसगडच्या नकाशासारखे पांढरे तुकडे उडाले. पुन्हा लावली, पुन्हा आली, नकाशा मोठा झाला. एका खिळ्याने जेवढं नुकसान झालं असतं त्याच्या दसपट आमच्या नियमाने झालं. यजमान दुपारभर ब्रश घेऊन तुकडे रंगवत बसले. माळ मी सोफ्यावर आडवी ठेवली, आणि आम्ही दोघं तिच्या बाजूला बेताने बसायला लागलो.

धनत्रयोदशीला मी बाजारात गेले. तिथे दिवाळीच्या तोंडावर गावाकडच्या बाया नवीन धान घेऊन बसतात. धानाच्या लोंब्या देठासकट एकमेकींत गुंफून त्यांची झालर करतात, जाळीदार, सोनेरी, खाली लोंब्या लोंबत असतात. लोक ती दाराला टांगतात. पाखरं येऊन दाणे खातात, म्हणून इथे तिला चिरई-चुगनी म्हणतात. नव्या धानातला पहिला वाटा पाखरांचा, असं आहे ते. मी ही झालर इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारावर पाहत आले होते आणि कधी घेतली नव्हती, कारण टांगायला खिळा लागतो. व्हिडिओतल्या गोऱ्या बाईने तारा वाकवून, डिंक गरम करून, बोटं भाजून घेऊन जे केलं होतं ते इथे रस्त्यावर फडक्यावर मांडलं होतं. आणि मी महिनाभर कढईत पानं भाजत होते! मी सगळ्यात मोठी झालर घेतली.

दाराच्या वर टेपने लावली. ती पायरीवर पडली. दोन टेप लावल्या, ती माझ्या डोक्यावर पडली. मग पट्ट्यांवर पट्ट्या मारल्या, खाली उतरले, रांगोळी काढली, शेवटचा ठिपका दिला, आणि झालर बरोबर रांगोळीच्या मधोमध येऊन बसली. यजमान दारात उभे होते.

"टेप जास्त रुंद पाहिजे," ते म्हणाले.

मी पायरीवर बसले. रांगोळीचा डबा बाजूला ठेवला.

"चार क्वार्टर झाले," मी म्हटलं. "पोरीचं चित्र डाळीच्या डब्यायमध्ये ठेवलं मी. आपल्या लग्नाचा फोटो कपाटावर. एक खिळा मारू देला नाही तुम्ही मले. उद्या आपण गेलो तं इथं कोणी राहत होतं हे कोणाले मालूम पडन?"

"नियम आहे ना पण."

"समोरच्याच्या घरी जाऊन पाहा. भिंतीची चाळणी केली त्यानं. त्याले कोणी फाशी देली? नियम कंपनीचा नाही, तुमचा आहे. मी कंपनीत नव्हती. मी तं घरात होती."

मला रडू आलं, आणि सणाच्या दिवशी रडते म्हणून आणखी राग आला. त्यांनी चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले. मला वाटलं, रुंद टेप आणायला गेले.

ते परत आले तेव्हा हातात कागदाची पुडी होती. त्यात एक खिळा होता.

"एकच?" मी विचारलं.

"एकच लागते ना."

पुढचा प्रकार ज्याने पाहिला नाही त्याला एक खिळा मारायला किती वेळ लागू शकतो हे कळणार नाही. त्यांनी स्टुलावर चढून दाराच्या वरची भिंत बोटाने ठोकून ठोकून ऐकली. मोजपट्टीने माप घेतलं, पेन्सिलने खूण केली, खाली उतरून फाटकापाशी जाऊन ती बघितली, परत येऊन पुसली आणि त्याच जागी पुन्हा केली. खिळ्याला मेणबत्ती चोळली. मला म्हणाले, मागे हो. मग हातोडी उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. किती तरी वेळ. घाम आला होता त्यांना. भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस एका खिळ्यापुढे घामाघूम झाला होता. मी स्टूल धरून ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

ठोक.

भिंत पडली नाही. झालर टांगली, सरळ केली, परत सरळ केली. "लेव्हल आहे," ते म्हणाले आणि स्टुलावरून उतरले.

लक्ष्मीपूजनाला मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला गोणपाट दाखवलं, सोफ्यावर पसरलेली पानं दाखवली, बरणी दाखवली. ती प्रत्येकाला "सो क्यूट, आई" म्हणत होती. मग दाराशी गेलो. तिचा चेहरा स्क्रीनजवळ आला.

"पप्पांनी खिळा मारला? सच में?"

"हो."

"पप्पा, जवळून दाखवा ना."

तिला झालर नको होती बघायला. यजमानांनी फोन हातात घेतला, स्टुलावर चढले आणि कॅमेरा खिळ्यापाशी धरला. ती बघत राहिली. डाळीच्या डब्यांमधलं चित्र तिचंच होतं.

दोन दिवसांत चिमण्यांना पत्ता लागला. मग मुनिया आल्या, छोट्या, भांडकुदळ. सकाळी भोंगा वाजायच्या आधीच त्यांची शिफ्ट सुरू व्हायची. यजमान खुर्ची दाराकडे फिरवून बसायला लागले. कोण किती खातं, कोण नुसतं भांडतं, हे मला जेवताना ऐकावं लागायचं. दाणे संपत गेले आणि तूस पायरीवर पडत राहिलं. रोज सकाळी झाडायला लागायचं. ऑक्टोबरमध्ये जे झाडांनी दिलं नाही ते असं दारात गळत होतं, आणि झाडू हातात घेऊन मला ते चांगलं वाटत होतं. हे मी मुलीला सांगितलं नाही. तिने त्याला मूड म्हटलं असतं.

डिसेंबरात सामान ट्रकमध्ये गेलं. किल्ली घ्यायला कंपनीचा ओव्हरसियर आला. यजमान सकाळपासून रिकाम्या खोल्यांतून फिरत होते आणि पक्कड त्यांच्या खिशात होती. मी ती पाहिली होती. जे बोलायचं होतं ते माझं पायरीवर बोलून झालं होतं, आणि आता ते उपटणार असतील तर मला ते बघायचं नव्हतं. मी अंगणात जाऊन तुळशीपाशी उभी राहिले.

ओव्हरसियरने नळ पाहिले, काचा पाहिल्या, बटणं लावून पाहिली. मग बाहेर आला आणि दाराच्या वर बघितलं. झालरीत आता नुसते देठ उरले होते.

"सर, ये कील? निकाल देते हैं, दो मिनट का काम है."

यजमानांनी खिशात हात घातला. मी मान फिरवली.

"नहीं," ते म्हणाले. "वो रहेगी."

"सर, आप तो खुद..."

"मैंने ठोकी है. मेरे घर की है. जो आएगा, उसको बोल देना, आधा किलो से ऊपर वज़न नहीं टाँगना."

तोवर मी पायरीपर्यंत आले होते. "एक किलो म्हणा ना," मी म्हटलं. "पक्का मारला आहे तुम्ही."

"सेफ्टी फॅक्टर ठेवा लागते," ते म्हणाले, आणि किल्ली देऊन टाकली.